नवी चिप येणार म्हणून शेअर घेऊन बसलेल्या बडोदेकरांनो, वाट नक्की कशाची बघताय?

सूरसागरकाठचा

आमची सकाळची बैठक दांडिया बाजारात भरते, सेवउसळीच्या गाडीसमोर. सात-आठ जण, त्यातले पाच निवृत्त. पूर्वी विषय ठरलेले असायचे: पेन्शन, गुडघे, विश्वामित्रीचं पाणी. गेले तीन-चार महिने मात्र एकच विषय, नवी चिप. घरातलं इंटरनेट कितीतरी पट पळवणारी चिप उतरतेय, राउटरवाले, फायबरवाले, त्यांना माल पुरवणारे सगळे वर जाणार, तेव्हा आत्ताच घेऊन ठेवा. आमच्यातल्या एकानं तर मुदतठेव मोडून घेतलेत. नाव सांगत नाही, तो इथे वाचतो.

चिपवर माझा राग नाही. पण हा सिनेमा मी पाहिलाय, तोही तिकीट काढून. १९९९-२००० मध्ये हीच हवा होती. ‘घरोघर ब्रॉडबँड येणार’ म्हणून मी एका टेलिकॉम कंपनीचे शेअर घेतले. टीप ऑफिसातल्याच एकाची, त्याला त्याच्या साडूनं दिलेली. मार्च २००१ मध्ये शेअरचे भाव फुगवणाऱ्या केतन पारेख या दलालाला अटक झाली, अहमदाबादची माधवपुरा बँक बुडाली, आणि माझ्या कागदांची किंमत कागदाइतकीच राहिली. आता गंमत बघा. ब्रॉडबँड आलंच की! जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं सुरू केलं. २५६ केबीपीएसला सरकारदरबारी ब्रॉडबँड म्हणत तेव्हा. म्हणजे भाकीत शंभर टक्के खरं ठरलं आणि पैसे तरीही गेले.

हे फक्त आपल्याकडचं नाही. मार्च २००० मध्ये इंटरनेटचे राउटर बनवणारी अमेरिकेची सिस्को जगातली सर्वांत मोलाची कंपनी होती. पुढे सगळ्या जगाचं इंटरनेट तिच्या डब्यांतून गेलं, कंपनी नफ्यात राहिली, पण शेअरला ती उंची पुन्हा गाठायला २०२५ साल उजाडलं. पंचवीस वर्षं! आमच्या बैठकीत सगळ्यांत तरुण माणूस एकसष्टचा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या घरचीच. १८६२ मध्ये बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम रेल्वे टाकली, अडीच फुटी रुळांची, आठ मैल. वाफेची इंजिनं जगात तोवर जुनी झाली होती. पण हे रूळ इतके हलके की इंजिनाचा भार पेलेना. मग डबे कोणी ओढले? बैलांनी. आगगाडी होती, आग नव्हती. जड रूळ पडेपर्यंत बैलच. आपल्या घरातल्या इंटरनेटचं तेच आहे. चिप म्हणजे इंजिन, आणि आमच्या गल्लीतली विजेच्या खांबावरून लोंबणारी तार म्हणजे डभोईचे रूळ. तुम्ही इंजिनाच्या कारखान्याचे शेअर घेताय, आणि इकडे बैल जुंपलेले आहेत.

बोला.

एसआयपीवाला भाचा

काका, नमस्कार. मुदतठेव मोडणारा मी नाही, पण त्यांची वकिली करतो.

२००० ची तुलना मला पटत नाही. तेव्हा गिऱ्हाईकच नव्हतं, नुसती स्वप्नं विकली जात होती. आज फायबर दारात आहे, प्रत्येकाच्या हातात फोन आहे, घरात टीव्ही इंटरनेटवर चालतो. नव्या पिढीच्या वाय-फायचं, म्हणजे वाय-फाय ७ चं प्रमाणपत्र देणं जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं, म्हणजे वस्तू कागदावर नाही, दुकानात आहे. वाय-फायच्या लहरींच्या नव्या, सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी आपल्याकडे दूरसंचार खात्यानं मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा काढला, तोही बिनपरवाना वापरासाठी. आता चिप स्वस्त व्हायची तेवढी बाकी आहे. लोक त्याचीच वाट बघतायत, यात वेडेपणा कुठला?

आणि तुमचं डभोई मी उलटं करून दाखवतो. २०२१ मध्ये चिपची टंचाई झाली तेव्हा राउटर बनवणाऱ्यांना चिपसाठी वर्ष-वर्षाची मुदत मिळत होती. तार होती, गिऱ्हाईक होतं, पैसे होते. चिप नाही म्हणून डबा नाही, डबा नाही म्हणून कनेक्शन नाही. तिथे रूळ तयार होते काका, इंजिनच नव्हतं. ज्याच्याकडे इंजिन होतं त्यानं तोंडाला येईल तो भाव सांगितला. गुंतवणूकदार म्हणून मला त्याच माणसाच्या पंगतीला बसायचंय.

दुसरं उदाहरण ब्रॉडकॉमचं. केबल मोडेमच्या चिपवर उभी राहिलेली कंपनी १९९८ मध्ये बाजारात आली. आज कुठे आहे बघा.

घडियाळी पोळ

१०० एमबीपीएसचा वेग घरात आहे. नातू ४के सिनेमा बघतो त्याला पंधरा-वीस लागतात. उरलेले ऐंशी मी काय बरणीत भरून ठेवू? नवी चिप कोणाला हवीय तेच कळत नाही.

एसआयपीवाला भाचा

@घडियाळी पोळ, २००५ मध्ये २५६ केबीपीएस बघून पण लोक असंच म्हणाले होते. २०२३ मध्ये सरकारलाच व्याख्या बदलून २ एमबीपीएस (म्हणजे दोन हजार केबीपीएस) करावी लागली.

घडियाळी पोळ

अरे पण म्हणजे आठपट व्हायला सरकारला १८ वर्षं लागली ना. तेवढी वर्षं शेअर सांभाळणार का तू? 😄

रावपुऱ्याची सून

दोन्ही बाजूंची मंडळी खांबाच्या अलीकडेपलीकडे भांडतायत, घरात कोणीच येत नाहीये. म्हणून मी लिहिते.

माझं माहेर नागपूर, सासर रावपुऱ्यातला जुना वाडा. भिंती दीड हात जाडीच्या, विटा आणि चुना. राउटर दिवाणखान्यात, कारण तार ओढणारे दादा म्हणाले, खांब याच बाजूला आहे. मी काम करते माडीवर. एक दिवस वैतागून फोन हातात धरून घरभर फिरले आणि वेग मोजला. राउटरसमोर ९४, जिन्यात ६०, माडीवर ११, आणि स्वयंपाकघरात चाक नुसतं फिरतंय. सासूबाई म्हणाल्या, भुताखेतांचा शोध चाललाय का?

आता तुम्ही म्हणता सहा गिगाहर्ट्झ. जितका आकडा वर, तितकी भिंत जड, हे साधं शास्त्र आहे. जुना २.४ चा पट्टा हळू असला तरी भिंत ओलांडतो. ५ चा दमतो. ६ चा तर दिवाणखान्याच्या उंबरठ्यावरच बसेल. तुमची नवी चिप माझ्या घरात सोफ्यावर बसणाऱ्या पाहुण्यांना वेग देणार आणि काम करणारीला ठेंगा.

मी शेवटी काय केलं ते सांगते. मिस्त्री बोलावला, भिंतीतून लॅन केबल न्यायची म्हणून. पहिलं भोक पाडताना त्याचं लांब पातं मोडलं. दुसऱ्यांदा पातं आत अडकलं ते अडकलं, अजून भिंतीतच आहे. मग सासऱ्यांना आठवलं, त्यांच्या वडिलांनी रेडिओची एरियल माडीवर नेली होती. पलंगामागे कॅलेंडर टांगलेलं होतं, ते बाजूला केलं तर भोक! आत चिमणीच्या घरट्याच्या काड्या. त्यातून केबल गेली. मिस्त्रीचे आणि केबलचे मिळून बाराशे रुपये. माडीवर आता ९० मिळतात, जुन्याच चिपवर.

सूरसागरकाठचा

वा! आजेसासऱ्यांचं भोक कुठल्याही शेअरपेक्षा जास्त परतावा देऊन गेलं.

तारवाला

वीस वर्षं या धंद्यात आहे. आधी टीव्हीची केबल, आता फायबर. काका, तुमची पोस्ट आवडली पण तुमचं रुळांचं उदाहरण अर्धं चूक आहे, सांगतो.

तांब्याच्या तारेला ते बराबर लागू पडतं. तांब्यावर वेग वाढवायचा तर तारच आखूड करावी लागते, खणावं लागतं. फायबरचं तसं नाही. आज घरोघर जे चालतं त्याला जीपॉन म्हणतात. एका फायबरवर अडीच जीबीपीएस, म्हणजे अडीच हजार एमबीपीएस येतात आणि ते स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकदम नळ सोडला तर घरटी ऐंशीच्याही आत. एकदम कोणी सोडत नाही म्हणून चालतं. भारत-पाकिस्तान मॅचच्या रात्री मात्र माझा फोन सुटत नाही.

याच्या पुढचं एक्सजीएस-पॉन, दहा जीबीपीएस जायला आणि यायला. आणि ते त्याच फायबरवरून जातं. प्रकाशाचा रंग वेगळा असतो म्हणून जुनं आणि नवं एकाच काचेतून शेजारी शेजारी चालतं. जमिनीतलं काही उकरायचं नाही. एक्सचेंजमधलं कार्ड बदला, घरातला डबा बदला, झालं. म्हणजे रूळ तेच, फक्त इंजिन बदललं. आणि त्या कार्डात आणि डब्यात काय असतं? चिप. त्यामुळे भाच्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

आता भाच्याला. रूळ चांगले आहेत असं मी म्हटलं, पण ते खाली जमिनीत. खांबापासून घरापर्यंतचे शेवटचे शंभर मीटर कसे आहेत ते १४ जानेवारीला ये, दाखवतो. पतंगाची दोरी तारेवर, दोरी ओढायला पोरं बांबूला काट्या बांधून फिरतात, आणि पतंगाबरोबर माझी ड्रॉप केबल खाली. दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणला, अख्खं गाव ऊंधियू खातं आणि मी शिडीवर असतो. मीटर लावला की डब्यापर्यंत उजेड किती पोचतो ते कळतं. वजा वीसच्या आसपास असला की मस्त. वजा सत्तावीसच्या पलीकडे गेला की डबा आंधळा होतो, लाल दिवा लागतो. मागच्या महिन्यात एका घरी वजा एकतीस. शोधत शोधत गच्चीवर गेलो तर बाईंनी माझ्या फायबरवर गोधडी वाळत घातलेली! ओली गोधडी. वर मलाच म्हणाल्या, भाई, तुमची दोरी फार ढिली आहे.

रावपुऱ्याची सून

मी नव्हे ती. 😂

सूरसागरकाठचा

तारवाले भाऊ, मान्य. फायबरला डभोई लागू पडत नाही, उदाहरण लंगडं पडलं. मागे घेतो. (पूर्ण नाही, ओल्या गोधडीपुरतं ठेवतो.)

पण तुमच्याच बोलण्यातून माझा खरा मुद्दा निघतो, जो मला सकाळी नीट मांडता आला नाही. एक्सचेंजमधलं कार्ड आणि घरातला डबा बदलायचा, बरोबर? पैसे कोण भरणार? तुम्ही नाही, मी नाही. आपण महिन्याचे पाच-सातशे रुपये देतो आणि डबा फुकटात मागतो. मग कंपनी काय करते? थांबते. डबा स्वस्त होईपर्यंत थांबते. आणि डबा स्वस्त कधी होतो? चिप स्वस्त झाली की. आणि चिप स्वस्त कधी होते? चार कंपन्या तीच चिप बनवायला लागल्या, भाव पाडायला लागल्या की.

म्हणजे ज्या दिवशी नवी चिप माझ्या घरात येईल, त्या दिवशी ती बनवणाऱ्याचा मोठा नफा संपलेला असेल. गिऱ्हाईक आणि गुंतवणूकदार एकाच चिपची वाट बघतायत असं दिसतं, पण एकाला ती स्वस्त हवी आहे आणि दुसऱ्याला महाग. आमच्या बैठकीतला तो मित्र दोन्ही आहे. सकाळी म्हणतो माझं नेट हळू आहे, राउटर फुकट बदलून द्यायला हवा. दुपारी म्हणतो चिपवाल्यांचा नफा वाढायला हवा. अरे, तुझं कुठलं गाऱ्हाणं देवानं ऐकायचं?

एसआयपीवाला भाचा

हे मस्त मांडलंत. पण काका, अर्धवट. भाव पडतो तेव्हा नग वाढतो. मोबाईल फोन स्वस्त झाले म्हणून चिपवाले बुडाले का? एका डब्यावर कमी मिळालं तरी कोट्यवधी डब्यांवर मिळतं. मीडियाटेक स्वस्त मालावरच मोठी झाली. आणि मधली दोन-तीन वर्षं, जेव्हा वस्तू नवी असते आणि हौशी लोक वाटेल ती किंमत देतात, तेव्हाच शेअर पळतो. आम्ही काय लग्न लावून बसत नाही शेअरशी.

सूरसागरकाठचा

मग त्याला गुंतवणूक म्हणू नकोस, पतंग म्हण. कापायच्या आधी उतरवता आला पाहिजे.

साणंदचा शिफ्टवाला

रात्रपाळी करून आलोय, झोप उडाली हे वाचून. मी कारेलीबागचा, नोकरी साणंदला, कारखान्याचं नाव विचारू नका. दोन्ही बाजूंना थोडं थोडं देतो.

आधी एक गैरसमज. ‘चिप आता आपल्या गुजरातेतच बनते, म्हणून इथले शेअर घ्या’ असं बरेच जण म्हणतात. साणंदला जे चालतं ते पॅकेजिंग आणि टेस्टिंग. तयार वेफर, म्हणजे चिप कोरलेली सिलिकॉनची चकती, बाहेरून येते, आम्ही ती कापतो, तुकडा बसवतो, बारीक तारेनं जोडतो, वर काळं आवरण घालतो, तपासतो. तार म्हणजे किती बारीक? केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. पहिल्या आठवड्यात मला ती दिसतच नव्हती, सूक्ष्मदर्शकाखाली बघूनही मी चुकीच्या जागी बघत होतो. घरी सांगितलं वेफर कापतो, तर मामी म्हणाल्या, बटाट्याची का केळ्याची? अजून लग्नकार्यात मला वेफरवाला म्हणतात.

खरी चिप जिथे कोरली जाते ती फॅब धोलेऱ्याला उभी राहतेय. टाटा आणि तैवानची चिप बनवणारी कंपनी पीएसएमसी, ९१,००० कोटींचा प्रकल्प, मार्च २०२४ मध्ये पायाभरणी झाली. पण तिथे ठरलेलं तंत्र २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड (आकडा जितका लहान तितकं तंत्र बारीक). मीडियाटेकची वाय-फाय ७ ची वरच्या दर्जाची चिप ६ नॅनोमीटरची, ती तैवानमध्ये बनते. म्हणजे तुम्ही ज्या चिपची वाट बघताय तिचा आणि धोलेऱ्याचा निदान आज संबंध नाही. गाडीत, विजेच्या मीटरमध्ये, साध्यासुध्या यंत्रात जाड तंत्राच्याच चिप लागतात, ढिगानं लागतात, त्यामुळे कारखाना निरुपयोगी नाही. पण बातमी एका चिपची आणि शेअर दुसऱ्याच कशाचा, हा घोळ मी रोज ऐकतो. ब्रॉडकॉम, क्वालकॉम, मीडियाटेक, रियलटेक, राउटरची चिप करणारी ही मोठी नावं. यातली एकही मुंबईच्या बाजारात नाही. बैठकीतल्या काकांनी नक्की काय घेतलंय ते एकदा उघडून बघायला सांगा. बहुतेक केबल ओढणारी किंवा डबे जुळवणारी कंपनी निघेल. ती वाईट असेल असं नाही, पण ती चिप विकत घेणारी आहे, विकणारी नाही. चिप महाग झाली तर तिचं नुकसान!

आता भाच्याला. तुझं ब्रॉडकॉम. १९९८ मध्ये बाजारात आलेली ब्रॉडकॉम २०१६ मध्ये अवागो नावाच्या कंपनीनं विकत घेतली आणि स्वतःच ते नाव लावलं. घरजावयानं सासऱ्याचं आडनाव लावावं तसं. आज तिची जी किंमत दिसते ती एआयच्या डेटा सेंटरच्या चिपवर आणि सॉफ्टवेअरवर, तुझ्या घरातल्या डब्यावर नाही.

आणि काकांना. चिप महत्त्वाची नाही असं म्हणू नका. तारवाले भाऊ डबा फुकट देतात ना? तो फुकट देता येतो कारण मोडेम, राउटर, वाय-फाय, सगळं एका नखाएवढ्या तुकड्यात बसलं. पूर्वी त्याला तीन वेगळे डबे आणि तीन वेगळे चार्जर लागत.

सहा गिगाहर्ट्झबद्दलही थोडं. अमेरिकेनं २०२० मध्ये या पट्ट्याचे १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले. आपल्या मसुद्यात खालचे ५००, वरचं मोबाईलवाल्यांसाठी. वाय-फाय ७ ची जाहिरात ज्या ३२० मेगाहर्ट्झच्या रुंद रस्त्यावर चालते, तो रस्ता ५०० मध्ये एकच बसतो. एकच! फ्लॅटमध्ये वर, खाली, शेजारी सगळ्यांनी नवा राउटर घेतला की सगळे त्याच रस्त्यावर. वहिनींच्या वाड्यात ही अडचण नाही, तिथे दीड हाताची भिंत राखण करते. आणि वहिनी, नवं वाय-फाय एकाच वेळी दोन-तीन पट्टे वापरू शकतं, जवळ असाल तर ६, लांब गेलात तर २.४ सांभाळून घेतं. त्यामुळे अगदीच ठेंगा नाही. पण एरियलच्या भोकातली केबल काढू नका.

रावपुऱ्याची सून

काढत नाही, आता तर त्या भोकाची पूजा करायची बाकी आहे.

तळेगावचा जावई

चिपचा विषय निघाला आणि बडोदेकर तोंड उघडतायत, हे बघून बरं वाटलं. वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना आमच्या तळेगावला येणार होता, सप्टेंबर २०२२ मध्ये उचलून धोलेऱ्याला नेलात. काय झालं पुढे?

सूरसागरकाठचा

जावईबापू, आम्ही काय नेलं? त्या आठवड्यात पुण्याच्या मावसभावाचा फोन आला, ‘पळवलात ना आमचा प्रकल्प!’ आणि इथले शेजारी म्हणत होते, ‘काका, तुमच्या महाराष्ट्राला राग आला काय?’ दोन्हीकडून आम्हालाच. पाच पिढ्या इथे राहूनही चिपच्या कारखान्याच्या वेळी आम्ही कोणाचेच नसतो.

पुढे काय झालं विचारता, तर जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननं अंग काढलं. पण तुम्ही आठवण काढलीत ते बरं, माझ्या मुद्द्याला कामी येईल. घोषणा झाल्यावर वेदांताचा शेअर उसळला. मग कंपनीनंच खुलासा केला की हा प्रकल्प शेअरबाजारात असलेल्या कंपनीचा नाही, मालकांच्या वरच्या कंपनीचा आहे. लोकांनी घेऊन टाकले होते तोवर! पुढे जून २०२३ मध्ये सेबीनं त्या प्रसिद्धिपत्रकाबद्दल कंपनीला ३० लाखांचा दंड केला. शिफ्टवाला म्हणतो ते हेच. बातमी एका घरची, अक्षता दुसऱ्याच्या दारात.

एसआयपीवाला भाचा

हे उदाहरण चिपविरुद्ध नाही, न वाचता शेअर घेणाऱ्यांविरुद्ध आहे. मी स्वतः परदेशातले शेअर घेतो, कायद्यानं वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात (माझी मजल दोन हजारांच्या आत आहे, हसू नका). ज्याला चिपचा शेअर हवा त्यानं चिपचाच घ्यावा.

पण शिफ्टवाले दादा, एक विचारू? २०२५ च्या अखेरीला मेमरी इतकी महागली. त्याचा राउटरला फटका बसतो का?

साणंदचा शिफ्टवाला

बसतो. राउटरमध्येही मेमरी लागते. एआयवाले सगळी मेमरी उचलायला लागले तेव्हा मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा क्रुशियल ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठं गिऱ्हाईक सोडून छोट्याला कोण माल देणार? म्हणजे बघ, वाय-फायची चिप स्वस्त झाली तरी शेजारची मेमरी महाग झाली म्हणून डबा तिथेच. तू इंजिनाचा भाव बघत बसतोस आणि कोळसा महाग होतो.

घडियाळी पोळ

म्हणजे आता मेमरीचे शेअर घ्यायचे का? 🙏

सूरसागरकाठचा

उद्या सकाळी बैठकीत या आणि हाच प्रश्न मोठ्यानं विचारा. मी सेवउसळ खाईन आणि गप्प बसेन.

मुदतठेव

नमस्कार. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो मी. नाव गुप्त ठेवल्याबद्दल आभार, पण ‘एकानं मुदतठेव मोडली’ म्हटल्यावर आमच्या सौ.ना कळायला दहा मिनिटं लागली नाहीत. त्यांना मुदतठेवीचं माहीत नव्हतं.

शिफ्टवाल्याच्या सांगण्यावरून आज कागद काढून पाहिले. मी घेतलेली कंपनी फायबरची केबल बनवते. चिपचा शब्द तिच्या अहवालात तीनदा आहे, तिन्ही वेळा ‘खर्च’ या सदराखाली.

तरी मी विकणार नाही. केबल तर लागणारच ना? तारवाला दर उत्तरायणला नवी टाकतोच आहे. आणि सूरसागरकाठच्या मित्राला सांगतो, २००० मध्ये टीप देणाऱ्याचा तो साडू म्हणजे मीच होतो. तेव्हा तू मला विचारलं नव्हतंस की ही टीप कुठली.

सूरसागरकाठचा

अरे!! पंचवीस वर्षं मी त्या साडूला शोधतोय!

तारवाला

चर्चेत व्यत्यय आणतो, माफ करा. फत्तेगंजच्या बाजूला कोणाचा लाल दिवा लागलाय का? पाण्याच्या पाइपसाठी जेसीबी लावलाय, त्यानं मुख्य केबल उडवली. पोरं जोडायला गेलीत, दोन तास धरा.

सूरसागरकाठचा

आमच्याकडेही गेलंय. हे मोबाईलवरून लिहितोय.

एसआयपीवाला भाचा

माझं चालू आहे. वाय-फाय ७ आहे माझं. 😎

तारवाला

भाचेसाहेब, तुमची लाईन दुसऱ्या रिंगवर आहे. तिकडचं खोदकाम सोमवारी.